ऑइल जास्त ओतलंय की पेट्रोल खाली उतरलंय?

ऑइलची पातळी मोजायची डिपस्टिक पुसली, घातली, बाहेर काढली आणि ऑइल वरच्या खुणेच्या बरंच वर. मागच्या सर्व्हिसिंगला जास्त ओतलं गेलं असणार, थोडं काढून टाकू, असं आपण लगेच ठरवून मोकळे होतो. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण कार्बोरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) मोटरसायकलमध्ये पातळी वाढण्याचं आणखी एक कारण असतं: टाकीतलं पेट्रोल झिरपत झिरपत क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी जिथे ऑइल असतं तिथे, उतरणं. डिपस्टिक दोन्ही वेळा तेच दाखवते. धूर दोन्हींत येतो, एअर फिल्टरचा डबाही दोन्हींत ओला सापडू शकतो. उपाय मात्र एकदम वेगळे. पेट्रोल उतरलेल्या इंजिनातून 'जास्तीचं' तेवढं काढलं, तर आत पातळ झालेलं ऑइलच राहतं, फक्त आता ते बरोबर खुणेवर असतं आणि कुणाला शंकाही येत नाही.

त्याआधी, पातळी खरंच जास्त आहे ना, हे बघून घ्या. गाडी सपाट जागेवर आणि सरळ उभी हवी. साइड स्टँडवर ती डावीकडे कलते, ऑइलही डावीकडे जमतं. काही गाड्यांना डिपस्टिकऐवजी पातळी दाखवणारी काच असते, ती उजव्या बाजूला असेल तर ऑइल कमी दिसतं आणि माणूस वरून ओततो. इंजिन बंद केल्या केल्या मोजलं तरी हीच फसगत, कारण बरंचसं ऑइल अजून वर, इंजिनाच्या हेडमध्ये असतं. डिपस्टिकचे आटे बसवून मोजायचं की नुसती टेकवून, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत नुसती टेकवायची असते, आणि या दोन पद्धतींत आट्यांच्या उंचीएवढा फरक पडतो.

पुस्तिकेत ऑइलचे आकडेही बहुधा एकापेक्षा जास्त असतात: नुसतं ड्रेन केल्यावर किती, फिल्टर बदलल्यावर किती आणि पूर्ण खोललेल्या इंजिनात किती. शेवटचा आकडा सर्वांत मोठा, आणि घोळ तिथेच होतो. ड्रेन केलं तरी आतल्या खाचाखोचांत थोडं ऑइल राहतंच. ज्या इंजिनाला 0.8 लीटर पुरतं त्यात 1 लीटरची बाटली पूर्ण उलटी केली की थेट पाव हिस्सा जास्त झाला.

जास्त झालेलं ऑइल नक्की काय करतं? सिंगल सिलिंडरच्या 150 सीसी इंजिनात पिस्टन खाली येताना दर फेऱ्याला सुमारे 150 मिली हवा खाली दाबतो, 6000 आरपीएमला सेकंदाला 100 वेळा. ही हवा मावायला क्रँककेसमध्ये मोकळी जागा लागते. ती ऑइलने भरली की दाब वाढतो आणि हा दाब बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या पाइपातून ऑइलची वाफ-फवारा एअर फिल्टरकडे फेकला जातो. पातळी फारच वर असेल तर क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) ऑइलात बुडून ते घुसळतो. मग फेस होतो, हवा मिसळलेलं ऑइल पंपाला नीट ओढता येत नाही, इंजिन तापतं आणि जड चालतं. एखादा ऑइल सीलही घाम सोडायला लागतो. खुणेच्या दोन-तीन मिलिमीटर वर असेल तर मात्र झोप उडवून घेण्याचं कारण नाही.

पेट्रोलची गोष्ट गाडी उभी असताना घडते. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल पुरेसं झालं की तरंगणारा फ्लोट एका नीडलने त्याची वाट बंद करतो. ही नीडल झिजली किंवा तिच्या टोकाशी कचऱ्याचा कण अडकला, की वाटी भरली तरी पेट्रोल यायचं थांबत नाही. ओव्हरफ्लोची नळी मोकळी असेल तर ते जमिनीवर टपकतं आणि वेळीच कळतं. नळी तुंबलेली असेल किंवा कार्बोरेटर इंजिनाकडे झुकलेला असेल तर ते इनटेकमध्ये (इंजिनात हवा शिरण्याच्या वाटेत) शिरतं, इनलेट व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर सिलिंडरमध्ये, आणि तिथून पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडा राहिला तर थेंबाथेंबानेही रात्रभरात पाव लीटरच्या घरात पेट्रोल उतरू शकतं. इंजिनाच्या ओढीने आपोआप उघडणाऱ्या व्हॅक्यूम कॉकमध्ये पडदा फाटला तर व्हॅक्यूमच्या बारीक नळीतूनच पेट्रोल इनटेकमध्ये जातं. ती नळी काढून पाहा, आतून कोरडीच असायला हवी.

नुकसान या दुसऱ्या प्रकारात जास्त. पातळ ऑइलाचा थर बेअरिंगवर टिकत नाही. त्याहून वाईट म्हणजे पिस्टनच्या वर पेट्रोल साचून राहणं. सकाळी किक मध्येच दगडासारखी अडली तर जोर लावू नका, बटणही दाबू नका. द्रव दाबला जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. स्पार्क प्लग काढा, पेट्रोल बाहेर येऊ द्या. हे करताना इग्निशन बंद, कॉक बंद, जवळपास ठिणगी नको.

आता दोन्हींतला फरक ओळखायचा कसा? सर्वांत आधी वास. डिपस्टिक नाकाशी धरा. पेट्रोल बऱ्यापैकी मिसळलेलं असेल तर वास लपत नाही. थोडं असेल तर मात्र नाक फसतं, कारण वापरलेल्या ऑइलला तसाही किंचित वास असतो. मग एक थेंब साध्या शोषक कागदावर टाका, शेजारी त्याच ग्रेडच्या नव्या ऑइलचा थेंब टाका आणि काही तास ठेवा. पेट्रोल असेल तर डागाभोवती फिकट, रुंद कडं पसरतं. डिपस्टिक काडीने पेटवून बघणारे महाभागही असतात. तो प्रयोग करू नका.

धुरावर मी फार विसंबणार नाही. जास्त ऑइलाचा धूर निळसर आणि पेट्रोल जास्त झाल्याचा काळा, हे पुस्तकात ठीक आहे. पण पातळ झालेलं ऑइल रिंगांतून सहज वर चढतं आणि तेही निळंच जळतं. काजळलेला ओला प्लग आणि सकाळची चिडचिडी स्टार्टिंग पेट्रोलकडे जास्त बोट दाखवतात.

निकाल लावायचा तर वेळ द्या. जास्त ओतलेलं ऑइल आपणहून वाढत नाही, पेट्रोल वाढवतं. गाडी बंद करून तासाभराने पातळी मोजा आणि सकाळी स्टार्ट न करता, गाडी जागची न हलवता पुन्हा मोजा. एक रात्र कॉक उघडा, दुसऱ्या रात्री बंद. फक्त उघड्या कॉकच्या रात्रीच पातळी चढली, तर गळती कार्बोरेटरमध्ये आहे. बंद कॉकलाही चढली, तर कॉकसुद्धा गळतोय.

एक फसवी केस यातही निसटते. इंजिन थोडं ऑइल पितं आणि तेवढंच पेट्रोल खाली उतरतं, त्यामुळे पातळी जागची हलत नाही. जुन्या इंजिनाचं ऑइल हजारो किलोमीटर थेंबभरही कमी झालं नाही, तर खूश होण्याआधी डिपस्टिकचा वास घ्या.

जुन्या बुलेटसारख्या ड्राय संपच्या, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या, गाड्यांना यातलं काहीच जसंच्या तसं लागू होत नाही. त्या बरेच दिवस उभ्या राहिल्या की त्या टाकीतलं ऑइल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं, टाकी रिकामी दिसते आणि वरून ओतलं जातं. आधी इंजिन काही मिनिटं चालवा, ऑइल टाकीत परतू द्या, मग मोजा.

ऑइल नुसतं जास्त असेल तर काम सोपं. भरायच्या तोंडातून पातळ नळी लावलेल्या सिरिंजने थोडं थोडं ओढून काढा आणि दर वेळी मोजा. ब्रीदर आणि एअर फिल्टर मात्र तपासा, ऑइलने भिजलेला कागदी फिल्टर बदलावाच लागतो. पेट्रोल असेल तर गाडी अजिबात चालवू नका, 'गरम झाली की उडून जाईल' या भरवशावर तर नाहीच. आधी नीडल, तिची सीट आणि कॉक, मग ऑइल आणि फिल्टर. उलट क्रमाने केलं तर नवं ऑइलही दोन दिवसांत पेट्रोल प्यायलेलं असेल.