पंपावरची घट आणि विहिरीचं पाणी

धुळे-जळगाव-भुसावळ महामार्गाचा जुना सहा क्रमांक जाऊन त्रेपन्न आला, रस्ता चौपदरी झाला आणि काही ठिकाणी गावाबाहेरून वळला. जुन्या रस्त्यावरच्या पेट्रोलपंपांच्या जागांना आता दुकानांच्या गाळ्यांसाठी भाव येतो. जमिनीखालच्या पेट्रोलच्या टाक्या उपटायच्या, खड्ड्यात मुरूम टाकायचा, वर फरशी. खड्ड्यातल्या मातीला वास येत होता का, हे कोणी विचारत नाही. न विचारण्याची ही सवय बरीच जुनी आहे.

पेट्रोलियम कायदा १९३४ चा. त्याला भीती होती आगीची. म्हणून परवाना देणारं खातंही स्फोटकांचं, मुख्यालय नागपूरला. अंतरं किती, वायू सोडणाऱ्या नळ्या कुठे, अर्थिंग आहे का, हे तिथे कसून पाहिलं जाई. पाणी प्रदूषणाचा कायदा १९७४ साली आला, पण त्याची नजर मुख्यतः सांडपाण्यावर. जमिनीखाली गुपचूप झिरपणारी टाकी दोघांच्याही मधून निसटली.

पंपावर मात्र हिशेब रोज होत होता. सकाळी टाकीत डिप रॉड, म्हणजे पातळी मोजायची खुणांची काठी, टाकायचा, साठा वहीत लिहायचा, विक्रीशी ताळा करायचा. कमी भरलं की ‘घट’. पेट्रोल उडतंच, त्यामुळे थोडी घट सगळ्यांना मान्य. पण उडालेला लिटर आणि मुरलेला लिटर वहीत सारखेच दिसतात. रोजचे २ लिटर म्हणजे वर्षाला ७३०. मालकाच्या लेखी ते किरकोळ नुकसान, शेजारच्या विहिरीच्या लेखी नव्हे.

अमेरिकेत १९५०-६० च्या दशकांत पुरलेल्या साध्या पोलादी टाक्या गंजू लागल्यावर १९८४ साली गळणाऱ्या टाक्यांसाठी कायदा झाला. १९८८ च्या नियमांनी जुन्या टाक्या सुधारायला किंवा बंद करायला डिसेंबर १९९८ पर्यंत मुदत दिली. माती-पाणी तपासण्याच्या आज रूढ असलेल्या पद्धती बऱ्याचशा त्याच धावपळीत घडल्या. आपल्याकडे त्याआधी तेल कंपन्यांच्या पाट्या बदलल्या होत्या: १९७४ ला एस्सोची हिंदुस्थान पेट्रोलियम, १९७६ ला सरकारने घेतलेल्या बर्मा-शेलची १९७७ ला भारत पेट्रोलियम.

खानदेशात मुख्य अडचण जमिनीची. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाइपांचे सांधे त्यात ताणले जातात. साक्रीकडे खाली काळा पाषाण, पाणी त्याच्या सांध्या-फटींतून वाहतं. एका बोअरला वासही नसतो आणि वीस पावलांवरची दुसरी घमघमते. चोपडा-यावल-रावेरला तापीचा खोल गाळ. तिथे काम त्या मानाने सरळ: थराथराची माती काढायची, वायुमापकाने हुंगायची, त्रिकोणात तीन निरीक्षण-विहिरी घ्यायच्या आणि पातळ्यांवरून पाणी कुठे सरकतंय ते काढायचं. पण आजूबाजूला केळीच्या मोटारी चालू असल्या तर प्रवाह त्यांच्याकडे ओढला जातो, कागदावरचा बाण फिरतो.

शिवाय पेट्रोल पाण्यावर तरंगतं. वैशाखात पातळी खाली गेली की तेही खाली जातं, पावसाळ्यात पुन्हा वर येतं आणि मधली सगळी माती माखून ठेवतं. एकाच ऋतूत नमुना घेऊन ‘जागा स्वच्छ’ असा शेरा मारणाऱ्या अहवालावर माझा विश्वास नाही. खालून मोटारीने उपसलेलं पाणी बाटलीत भरलं, तर वरचा तवंग त्यात सापडतोच असं नाही. उलट तवंग नसला म्हणून पाणी स्वच्छ असंही नाही, कारण पेट्रोलमधलं बेंझीन हे विषारी रसायन पाण्यात विरघळतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. २००० च्या आधीपासूनचा पंप असेल तर शिसंही तपासावं, कारण तोवर पेट्रोलमध्ये ते मिसळत. आता इथेनॉल आहे; मातीतले जिवाणू आधी त्याच्यावर तुटून पडतात, बेंझीन मागे राहतं आणि जास्त लांब पोहोचू शकतं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. १६५ लिटरहून जास्त गळती ही पर्यावरणाची हानी मानायची, हे त्यांत आलं. वहीतल्या घटीला तोवर हे नाव नव्हतं. पुढे जुलै २०२५ मध्ये दूषित जागांचे स्वतंत्र नियम आले: स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी द्यायची, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची.

फरशी पडलेल्या जागेवर बोअर नेमकी कुठे घ्यायची, हे सांगणारा कागद बहुधा एकच उरतो: स्फोटक खात्याच्या परवान्याला जोडलेला टाक्यांचा मंजूर नकाशा. आगीच्या भीतीने काढलेला.