एएफपीचा रिपोर्ट: आधी तारीख सांगा

पाचवा महिना लागलेली एखादी सून आणि जुन्या हिपॅटायटिस बीमुळे लिव्हर खराब झालेले एखादे आजोबा, दोघंही नाशिकच्या एकाच लॅबमध्ये एकाच तपासणीसाठी हात पुढे करू शकतात. तपासणी एएफपीची, म्हणजे अल्फा-फीटोप्रोटीनची. गर्भाचं यकृत हे प्रथिन भरपूर बनवतं. जन्मानंतर ते झपाट्याने घटतं. मोठ्या माणसात ते सहसा मिलिलिटरला १० नॅनोग्रॅमच्या आतच असतं.

१९६३ मध्ये मॉस्कोत गारी अबेलेव यांना यकृताचा कर्करोग झालेल्या उंदरांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं. पुढच्याच वर्षी यूरी तातारिनोव यांना ते माणसातही दिसलं. कर्करोगाच्या पेशीत हे प्रथिन बनवणारं, गर्भावस्थेनंतर बंद पडलेलं जनुक पुन्हा चालू होतं.

गर्भवतीची गोष्ट निराळी. बाळाच्या कण्याची नळी नीट मिटली नसेल, तर प्रथिन गर्भजलात झिरपतं आणि तिथून आईच्या रक्तात येतं. हा आकडा वाढतो. डाउन सिंड्रोममध्ये तो बऱ्याचदा कमी असतो. म्हणून क्वाड्रुपल मार्कर या गर्भवतीच्या रक्ततपासणीत आणखी तीन घटकांबरोबर एएफपीही मोजतात. तपासणी १५ ते २० आठवड्यांत होते, आणि या काळात आईच्या रक्तातलं एएफपी दर आठवड्याला सुमारे १५ टक्क्यांनी वाढतं. त्यामुळे रिपोर्टमध्ये नुसता आकडा नसतो, त्या आठवड्याच्या मध्यमूल्याच्या तो किती पट आहे ते असतं. निफाड-दिंडोरीकडचा बागायतदार द्राक्षाचा घड दाखवायला आला की पहिला प्रश्न असतो, 'छाटणी कधीची?' तसंच हे. पाळीची तारीख चुकीची सांगितली की हिशेबच बिघडतो. फॉर्मवर वजन, मधुमेह, जुळं हे सगळं विचारतात ते उगाच नाही. जुळ्यात आकडा साहजिकच वाढतो. अडीच पटीच्या वर गेला तर आधी सोनोग्राफीने दिवस तपासतात, मग कणा बघतात. हा चाळणीचा टप्पा आहे, निदान नव्हे. घरच्यांनी रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवून सुनेला रडवायची काहीच गरज नाही.

'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये धडधाकट माणसाचं एएफपी करून घेणं मात्र मला पैसे पाण्यात घालणंच वाटतं. यकृताचा कर्करोग असूनही आकडा नॉर्मल येऊ शकतो, आणि नुसत्या हिपॅटायटिसनेही तो चढतो. सिरॉसिसच्या, म्हणजे यकृत कायमचं खराब झालेल्या रुग्णावर लक्ष ठेवताना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि तिच्या जोडीला एएफपी, हे ठीक.

एएफपी खरं कामाला येतं उपचारानंतर. अंडकोषाच्या काही गाठींत एएफपी वाढलेलं असतं. गाठ काढल्यावर दर पाच-सात दिवसांनी ते निम्म्यावर यायला हवं. तसं घटलं नाही, तर गाठीचा काही अंश शरीरात कुठेतरी उरलाय, असा संशय डॉक्टर घेतात आणि पुढचं स्कॅन सांगतात.