शाशी गावाची सहल : निघण्याआधी एवढं वाचा

आधी पत्ता नीट बघा. चीनमध्ये शाशी नावाची गावं बरीच आहेत. शांघायजवळच्या थायछांगमध्ये तर याच अक्षरांत लिहिलेलं, याच नावाचं दुसरं जुनं गाव आहे, आणि बुकिंग ॲपवर दोघांची सहज गल्लत होते. आपलं शाशी युन्नान प्रांतात, दाली विभागातल्या च्येनछ्वान तालुक्यात आहे. पत्त्यात दाली आणि च्येनछ्वान ही दोन्ही नावं दिसल्याशिवाय पैसे भरू नका. पासपोर्टवर परदेशी पाहुण्याची पोलिसांकडे नोंद करून देतात का, हेही घरमालकाला तेव्हाच विचारा. छोट्या घरगुती मुक्कामांत ती सोय असेलच असं नाही.

कुनमिंग ते दाली जलद रेल्वेने साधारण दोन तास. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळायला हवं. दालीहून बसने च्येनछ्वान आणि तिथून छोट्या व्हॅनने शाशी. व्हॅन भरल्याशिवाय सुटत नाही आणि संध्याकाळनंतर मिळेल याची खात्री नाही, म्हणून दालीहून सकाळीच निघा. जुन्या गावात गाडी जात नाही. फरसबंदी खडबडीत आहे, त्यावर चाकाच्या बॅगेची चाकं निखळतात. पाठीवरची पिशवी बरी.

दक्षिण युन्नानचा चहा खेचरांवर लादून तिबेटकडे जायचा आणि तिकडून घोडे यायचे. त्या वाटेवरचा हा मुक्काम. जवळच्या डोंगरांत मिठाच्या विहिरी असल्याने, आपल्याकडच्या लमाणांच्या तांड्यांसारखे मिठाचे तांडेही इथे उतरत. पुढे मोटाररस्ता च्येनछ्वान शहरावरून गेला, शाशी बाजूला पडलं आणि जुने वाडे पाडायची कुणाला गरजच उरली नाही. 2001 मध्ये इथला बाजारचौक जगातल्या धोक्यात आलेल्या 100 वास्तूंच्या यादीत आला. मग झुरिकच्या तंत्रविद्यापीठाने स्थानिक सरकारबरोबर डागडुजी केली. जुनं लाकूड आणि माती शक्य तिथे तशीच ठेवली, त्यामुळे गाव नव्याने रंगवल्यासारखं दिसत नाही. आमच्या मते पर्यटकांनी गजबजलेल्या लिजियांग या जुन्या शहरापेक्षा इथला एक मुक्काम जास्त मोलाचा.

चौकाच्या पश्चिमेला 1415 चं शिंगज्याओ मंदिर, समोर नाट्यमंच. मंदिरातली मिंग राजवटीच्या काळातली भित्तिचित्रं फिकी झाली आहेत, ती सकाळच्या उजेडात बघा. पूर्व दरवाजातून बाहेर पडून नदीकाठाने चाललं की युजिन पूल लागतो. बाजार शुक्रवारी भरतो. डोंगरातली माणसं सकाळी उतरतात आणि दुपारनंतर पांगायला लागतात, म्हणून गुरुवारी रात्री गावात असलेलं चांगलं.

शिबाओशान डोंगरातल्या लेण्यांसाठी अर्धा दिवस वेगळा ठेवा. पायी चढायला दोन-तीन तास, नाहीतर गाडी. आठव्या लेण्यात आसनावर योनीचं शिल्प आहे. सुखरूप बाळंतपणासाठी इथल्या ‘बाई’ नावाच्या अल्पसंख्याक समाजाच्या बायका त्याला तेल लावत आल्या, त्यामुळे दगडाची घळ काळी चकचकीत झाली आहे. आत फोटो काढू देत नाहीत. बाओशियांग मंदिराजवळची माकडं खाऊची पिशवी हिसकावतात, ती बॅगेच्या आत ठेवा.

शाकाहारींनी एवढं ध्यानात ठेवा, की भाजीसुद्धा डुकराच्या चरबीत परततात. "वो छ्र सू" (मी शाकाहारी आहे) एवढं म्हणून भागत नाही. चरबी, मांस, मासे, अंडी नकोत, असं चिनी लिपीत लिहिलेली चिठ्ठी दाखवा. पनीरसारखं ताजं चीज मिळतं, ते तेलात तळून मागा. पावसाळ्यात रानटी अळंबी येते. च्येनशौछिंग ही जात कापली की निळी पडते आणि कच्ची राहिली तर भास होतात. ती नीट शिजवणाऱ्या हॉटेलातच खा, स्वतः शिजवायला जाऊ नका.

पैशांसाठी अलीपे हे चिनी पेमेंट ॲप घरूनच सुरू करा. कार्डावर परदेशी व्यवहार चालू असावेत आणि भारतीय सिम रोमिंगवर असावं, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही. मुक्कामाच्या वायफायवर व्हॉट्सॲप आणि गूगल चालत नाही, रोमिंगच्या डेटावर चालतं. बाजारासाठी 5, 10, 20 युआनच्या सुट्या नोटा ठेवा.

गाव सुमारे 2,100 मीटर उंचीवर आहे. मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दिवस चांगले. हिवाळ्यात लाकडी खोल्या रात्री गारठतात, अंथरुणात विजेची चादर आहे का ते विचारा. घड्याळ बीजिंगचं, म्हणजे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, पण सूर्य त्याप्रमाणे चालत नाही. जानेवारीत आठच्या सुमारास उजाडतं, त्यामुळे सातची गाडी ठरवलीत तर अंधारातच सामान उचलावं लागेल. पुढे शांग्रिला हे आणखी उंचावरचं शहर (सुमारे 3,200 मीटर) करणार असाल तर उंचीची सवय व्हावी म्हणून ते शाशीनंतरच ठेवा, आधी नको.