कार्निव्हलचं दरपत्रक खाली का घसरतं?

ट्रेंडिंग म्हणजे सर्वांत जास्त पाहिलेलं, असा एक पक्का गैरसमज आहे. तसं असतं, तर पणजीतल्या एखाद्या पर्यटन कंपनीच्या इंट्रानेटवर, म्हणजे कर्मचाऱ्यांपुरत्या अंतर्गत संकेतस्थळावर, 'सध्या चर्चेत' या चौकटीत रजेचा अर्ज बारा महिने पहिल्या क्रमांकावर दिसला असता.

इथे खरा खेळ काळाचा आहे. आयोडीन-131 दर 8 दिवसांनी निम्मं उरतं, हा अर्धायुष्याचा नियम शाळेत भेटतो. तोच फाईलच्या गुणांना लावायचा. अर्धायुष्य 2 दिवसांचं धरू. फाईल कुणी उघडली की 1 गुण. कार्निव्हलचं दरपत्रक 10 दिवसांपूर्वी 40 वेळा उघडलं गेलं, पुढे कुणी फिरकलं नाही. गुण झाले 20, 10, 5, 2.5 आणि आज 1.25. शिगमोच्या सहलींचं दरपत्रक आज सकाळी तिघांनी उघडलं. गुण 3, म्हणून ते वर.

मग हजारो फाईलींचे गुण दर मिनिटाला नव्याने मोजायचे का? मुळीच नाही, आणि मला हे गणित आवडतं ते याचसाठी. सगळ्या फाईली एकाच दराने घटतात. 4 आणि 1 गुणांच्या फाईली दोन दिवसांनी 2 आणि 0.5 वर येतील, पण त्यांचा क्रम तोच राहील. म्हणून फाईल उघडली जाईल तेव्हा फक्त तिचे गुण बदलायचे. याहून सुंदर युक्ती म्हणजे गुणांचा 2 पायाचा लॉगरिथम (2 चा कितवा घात केला की ते गुण येतात, तो आकडा) घ्यायचा आणि त्यात आतापर्यंत उलटलेल्या अर्धायुष्यांची संख्या मिळवायची. 4 गुणांसाठी आरंभी 2 + 0 = 2; एका अर्धायुष्यानंतर गुण 2, म्हणून 1 + 1 = 2. फाईलला कुणी हात लावेपर्यंत हा आकडा हलतच नाही. तो साठवायचा आणि त्यावरच क्रम लावायचा.

अशा चौकटींवर हल्ली सरसकट 'एआय' अशी पाटी लावतात. वरच्या गणितात कुणाचं मन वाचलेलं नाही. त्यात बेरीज आहे आणि निम्मं करणं आहे.

मायक्रोसॉफ्ट 365 असलेल्या कार्यालयात क्रमवारी मायक्रोसॉफ्ट ग्राफकडून, म्हणजे 365 मधली माहिती इतर प्रोग्रामना पुरवणाऱ्या सेवेकडून, तयार मिळते. आपल्या आसपासच्या सहकाऱ्यांत कोणती फाईल किती चालली आहे, याचा भारांक प्रत्येक फाईलसोबत येतो. शेअरपॉइंटचा (मायक्रोसॉफ्टच्या इंट्रानेट प्रणालीचा) वेब पार्ट, म्हणजे पानावरची अशी चौकट, लिहिणाऱ्याने ती यादी मागवून मांडायची. ती लॉगिन केलेल्या माणसाच्या अधिकारांनुसारच येते. पगाराची फाईल उघडायचा अधिकार नसलेल्याला ती यादीत दिसत नाही. शेजारी बसणाऱ्या दोघांच्या याद्या वेगळ्या असू शकतात, त्या यामुळे आणि दोघांच्या आसपासचे सहकारी वेगळे असल्यामुळेही.

स्वतः गणित बांधणाऱ्याने सुट्ट्यांकडे मात्र लक्ष द्यावं. चतुर्थीला कार्यालय चार-पाच दिवस बंद राहिलं, तर सगळ्या फाईलींचे गुण तळाला जातात आणि परतलेल्या पहिल्या माणसाने सहज उघडलेली फाईल थेट वर चढते. त्यावर उपाय सोपा: अर्धायुष्य कामाच्या तासांत मोजायचं, सुट्टीत घड्याळ थांबवायचं.