पिल्लू कोणत्या कोळ्याचं?

पाऊस ओसरला की नाशिकमध्ये दसऱ्याची साफसफाई निघते आणि लांब दांड्याचा झाडू छताला लागतो. जळमटांच्या मागे मोहरीहून बारीक पंधरा-वीस ठिपके हलताना दिसतात. मग फोटो निघतो आणि प्रश्न येतो: हे कोणत्या कोळ्याचं पिल्लू? जाणकार माणूस फोटो मोठा करून बघतो आणि 'कुळ सांगतो, जात नाही सांगता येणार' म्हणून थांबतो. विचारणाऱ्याला वाटतं, हा अंग काढून घेतोय. तसं नसतं. ही अडचण या शास्त्राच्या पायातच आहे.

त्याआधी शब्दाचा घोळ. निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदाराच्या घरी 'कोळी आलाय' म्हटलं, तर छताकडे कुणी बघत नाही. सगळे द्राक्षाचं पान उलटं करून बघतात. तो लाल कोळी. पानातला रस शोषणारी ही बारीक कीड आठ पायांची, म्हणून कोळ्याची लांबची भाऊबंद, पण कोळी नव्हे. कुत्रं पाळलेल्या घरात पिल्लं म्हणून दाखवतात ती कधी कधी गोचिडाची निघतात. साधं भिंग पुरतं: कोळ्याच्या शरीराचे दोन भाग आणि मध्ये बारीक कंबर दिसते, तर गोचीड एकसंध असतो आणि नुकताच जन्मलेला असेल तर त्याला पायही सहाच असतात.

आपल्याकडे कोळ्यांची वर्गवारी जुनी आहे, पण ती विषावरून केलेली. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात १६ लूता, म्हणजे कोळी, सांगितल्या आहेत, आठ कष्टाने बऱ्या होणाऱ्या आणि आठ असाध्य. तिथे लूतेच्या विषाला एक उपमा दिली आहे: नुकत्याच फुटलेल्या अंकुरावरून झाड कोणत्या जातीचं हे कळत नाही, तसं हे विष पहिल्यांदा ओळखू येत नाही. उपमा विषाची आहे, पण पिल्लांना जास्त चपखल बसते.

आजची नावं देण्याची पद्धत स्वीडनच्या कार्ल क्लर्कपासून सुरू होते. त्याने १७५७ साली आपल्या देशातल्या कोळ्यांवर ग्रंथ काढला आणि प्रत्येकाला दोन शब्दांचं नाव दिलं. स्वीडनच्याच निसर्गशास्त्रज्ञ लिनियसची प्राण्यांची नामावली आली १७५८ मध्ये. प्राण्यांची अधिकृत नावं तिथूनच मोजतात, म्हणून क्लर्कचा ग्रंथही नियमाने १ जानेवारी १७५८ चाच धरला जातो. पुढे एकोणिसाव्या शतकात लक्षात आलं की रंग आणि ठिपके फसवतात. एकाच जातीत ते बदलतात आणि दोन वेगळ्या जातींत सारखे निघतात. खात्रीची खूण उरली ती प्रजननांगांची: नराच्या तोंडाजवळच्या स्पर्शिकांची फुगीर टोकं आणि मादीच्या पोटाखालची कठीण चकती. दोन्ही पूर्ण तयार होतात ते शेवटची कात टाकल्यावरच. पिल्लाकडे ती नसतातच. म्हणजे ज्या पानावर ओळख लिहायची, ते पानच अजून कोरं.

भारतातही हेच चाललं. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉकने १९०० साली ब्रिटिश भारताच्या अष्टपादांवर पुस्तक लिहिलं. नंतर बी. के. टिकादर यांनी भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्याच्या केंद्रातून महाराष्ट्रातल्या कोळ्यांवर बरंच काम केलं. त्यांची भारतीय कोळ्यांची हस्तपुस्तिका १९८७ ची. ओळख पटवायची ती प्रौढांवरूनच.

मग घरात काय करायचं? पिल्लाकडे बघू नका, आई शोधा. छतात लांबलचक पायांचा, हात लावताच जाळ्यासकट थरथरणारा कोळी असेल, तर त्याची मादी अंड्यांचा पुंजका जबड्यात धरून फिरते आणि पिल्लं काही दिवस तिच्याच जाळ्यात लटकतात. भिंतीवर धावणारा, पंज्याएवढा करडा कोळी पोटाखाली पांढरी चपटी थैली घेऊन जाताना दिसला, तर पिल्लं त्याची असू शकतात. पाठीवर पिल्लांचा थवा असेल, तर तो लांडगा कोळी, बागेतून आत आलेला. आणि पुढच्या बाजूला दोन मोठे डोळे, मान वळवून तुमच्याकडे बघणं, टुणकन उडी, एवढं दिसलं की तो उडी कोळी. डोळ्यांची ती मांडणी पिल्लातही तशीच असते. आई सापडली नाही तर मात्र हात टेकावेत. पुष्कळ जातींची पिल्लं धागा सोडून वाऱ्यावर जातात. डार्विनच्या जहाजावर १८३२ मध्ये किनाऱ्यापासून सुमारे ६० मैलांवर ती उतरली होती. गंगापूर रोडवरचा आठवा मजला त्यांना काय लांब!

२००५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी डीएनएच्या एका तुकड्यावरून कोळ्यांच्या जाती ओळखता येतात हे दाखवलं. या पद्धतीत वयाची अट नाही, एक पाय पुरतो. पण जुळवायला त्या जातीचा नमुना आधी नोंदलेला हवा.

सगळ्यात मोठी फसगत वेगळीच. भिंतीवर नाण्याएवढा चपटा, मळकट जाळीचा ठिपका आणि त्याखाली दोन-तीन मिलिमीटरचा कोळी बहुतेक घरांत असतो. मुंगी दिसली की तिच्याभोवती गरागरा फिरून तिला धाग्यात गुंडाळतो. लोक त्याला पिल्लू समजतात, आणि मीही कितीतरी वर्षं समजत होतो. तो पूर्ण वाढलेला असतो. याच कुळातल्या एका जातीचं नाव टिकादरांनी १९६२ साली ठेवलं ते ओइकोबियस मराठाउस. नावात मराठा असलेली ही जात आज आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत नोंदलेली आहे.