ट्रान्झिट रिमांड वेगळा, ट्रान्झिट बेल वेगळी

निपाणी, बेळगाव, खानापूर, अथणी या पट्ट्यात घर एका राज्यात आणि धंदा दुसऱ्या राज्यात, हे नेहमीचंच. त्यामुळे गुन्हा कागल किंवा चंदगडच्या ठाण्यात नोंदलेला आणि आरोपी निपाणीत राहणारा, असंही होतं. अशा वेळी 'ट्रान्झिट मिळालं' एवढंच घरच्यांच्या कानावर येतं. ते पोलिसांना मिळालं की आपल्या माणसाला, याचा उलगडा होईपर्यंत अर्धा दिवस जातो.

ट्रान्झिट रिमांड पोलीस मागतात: अटक झाल्यावर, जवळच्या मॅजिस्ट्रेटकडे, आरोपीला आपल्या हद्दीतल्या कोर्टापर्यंत नेण्यासाठी. ट्रान्झिट बेल आरोपी मागतो: अटकेआधी, सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात, गुन्हा जिथे नोंदला आहे तिकडच्या कोर्टात अर्ज करायला सवड मिळावी म्हणून. मॅजिस्ट्रेटकडे ही बेल मागता येत नाही. कायद्याच्या पुस्तकात यातला एकही शब्द सापडणार नाही. मूळ कलमांतून दोन्हींना आकार दिला तो कोर्टांच्या निकालांनी.

रिमांडचा पाया संविधानाच्या अनुच्छेद 22(2) मध्ये आहे. अटकेपासून 24 तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, जवळच्या मॅजिस्ट्रेटसमोर हजर करणं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमं 58 आणि 187 तेच सांगतात. त्या मॅजिस्ट्रेटला मूळ खटल्याचा अधिकार नसला तरी चालतं. पण म्हणून त्याने नुसता शिक्का मारायचा नसतो. कार्यकर्ते गौतम नवलखा यांच्या प्रकरणात पुणे पोलिसांची कागदपत्रं मराठीत होती आणि दिल्लीच्या मॅजिस्ट्रेटने ती समजून न घेताच ट्रान्झिट रिमांड दिला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2018 रोजी तो आदेश रद्द केला. आपल्याकडे याचं महत्त्व वेगळं सांगायला नको: महाराष्ट्र पोलिसांची केस डायरी मराठीत आणि बेळगावच्या कोर्टाचं काम कन्नड-इंग्रजीत. दिल्लीचा निकाल इथल्या कोर्टावर बंधनकारक नाही, पण युक्तिवादात त्याला वजन आहे. भाषांतर जोडलंय का, हा वकिलाचा पहिला प्रश्न असावा.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मात्र सगळ्यांवर बंधनकारक. मिहीर शहा प्रकरणात (6 नोव्हेंबर 2025) ठरलं की अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची. जागेवर लिहून देणं शक्य नसेल तर आधी तोंडी सांगायची आणि लेखी प्रत रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी हातात द्यायची. मराठीच वाचता येणाऱ्या माणसाच्या हाती कन्नड कागद ठेवला, तर या नियमात ते बसत नाही. उलट दिशेने, महाराष्ट्रात पकडलेल्या कन्नड माणसालाही हेच लागू.

खरी गडबड होते ती तासांची. 'चौकशीला चला' म्हणून निपाणीतून गाडीत घालायचं आणि अटक दाखवायची कोल्हापुरात पोचल्यावर. अंतर कमी, त्यामुळे '24 तासांच्या आत मूळ कोर्टातच हजर करतो, ट्रान्झिट रिमांड कशाला?' हा युक्तिवादही ठरलेला. म्हणून नेल्याची वेळ, गाडीचा नंबर आणि स्थानिक ठाण्याच्या डायरीत नोंद झाली का, हे त्याच दिवशी लिहून ठेवावं. घराचं किंवा दुकानाचं सीसीटीव्ही असेल तर फुटेज लगेच काढून ठेवावं, नंतर ते पुसलं जातं.

वॉरंटवर अटक झाली तर वाट थोडी वेगळी. वॉरंट काढणारं कोर्ट अटकेच्या जागेपासून 30 किलोमीटरच्या आत असेल, तर याच संहितेच्या कलम 82 नुसार स्थानिक अधिकाऱ्यापुढे न्यावंच लागतं असं नाही. सीमेलगतच्या गावांना ही अट नेमकी नडते. त्यापेक्षा लांबचं वॉरंट असेल तर कलम 83 खाली, जिथे अटक झाली त्या जिल्ह्याचे मुख्य न्यायदंडाधिकारी किंवा सत्र न्यायाधीश कागद पाहून जामीन देऊ शकतात. ही तरतूद फार थोड्यांना आठवते.

आता बेल. दुसऱ्या राज्यातल्या गुन्ह्यात इथलं कोर्ट अटकपूर्व संरक्षण देऊ शकतं का, यावर उच्च न्यायालयांत एकमत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रिया इंदोरिया विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालाने (20 नोव्हेंबर 2023) उत्तर दिलं: देऊ शकतं, पण मर्यादित काळासाठी आणि अपवाद म्हणूनच. तपास अधिकारी आणि तिकडच्या सरकारी वकिलांना पहिल्याच तारखेला नोटीस, आदेशात कारणं, आणि अर्जदाराचं घर किंवा कामधंदा त्या कोर्टाच्या हद्दीत असणं आवश्यक. शिवाय मूळ कोर्टात का जाता येत नाही हेही पटवावं लागतं: जिवाला धोका, मनमानी कारवाईची भीती, आजारपण किंवा अपंगत्व.

सीमाभागातल्या अर्जांचं घोडं इथेच अडतं. बेंगळुरूच्या माणसावर राजस्थानात गुन्हा असेल तर अंतर बोलतं. निपाणीहून कोल्हापूर मात्र तासाभराचं, शिवाय 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही तिथेच बसतं. 'लांब पडतं' हे कारण टिकणार नाही. ठोस धोका किंवा दवाखान्याचे कागद नसतील तर सरळ तिकडच्या सत्र न्यायालयात कलम 482 चा, म्हणजे अटकपूर्व जामिनाचा, अर्ज टाकणं शहाणपणाचं; ट्रान्झिटच्या नादात दोन तारखा वाया जातात.

गुन्हा सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा असेल, उदाहरणार्थ साधी फसवणूक, तर आधी कलम 35(3) ची, म्हणजे अटक न करता पोलिसांपुढे हजर राहायला सांगणारी, नोटीस आली आहे का ते बघा. अर्नेश कुमार निकालापासून (2014) अशा गुन्ह्यात सरसकट अटक चालत नाही. नोटिशीला वेळेवर हजर राहिलात तर बहुतेकदा दोन्ही ट्रान्झिटची गरजच पडत नाही.

बेल मिळालीच, तर आदेशाची प्रमाणित प्रत तपास अधिकाऱ्याला पोचवून पोच घ्यावी. या बेलची मुदत कायद्यात ठरलेली नाही. इंदोरिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चार आठवड्यांचं संरक्षण दिलं होतं. मुदत आपोआप वाढत नाही. तिकडचा अर्ज मुदतीच्या शेवटच्या दिवशी नव्हे, पहिल्याच आठवड्यात दाखल व्हायला हवा, कारण तिथेही सरकारी पक्षाला म्हणणं मांडायला तारीख दिली जाते आणि तेवढ्यात इथली मुदत संपते.