हाँगकाँगला मताचं वचन कुणी दिलं?

ब्रिटनच्या ताब्यातलं हाँगकाँग चीनकडे सोपवायचं ठरलं ते १९८४च्या चीन-ब्रिटन संयुक्त जाहीरनाम्यात; त्यात हाँगकाँगला सार्वत्रिक मतदानाचं वचन होतं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. जाहीरनामा उघडून पाहा, तो शब्दच त्यात नाही. विधिमंडळ निवडणुकीने, आणि मुख्य प्रशासक (हाँगकाँग सरकारचा प्रमुख) ‘निवडणुकीने किंवा स्थानिक सल्लामसलतीने’, एवढंच. खरी मेख त्या ‘किंवा’त! सार्वत्रिक मतदान अंतिम ध्येय म्हणून आलं ते हाँगकाँगची जणू राज्यघटनाच असलेल्या १९९०च्या मूलभूत कायद्यात, म्हणजे चीनच्याच संसदेने केलेल्या कायद्यात. हस्तांतरणाआधीच्या निवडणुका कशा घ्यायच्या, यावर १९९३मध्ये चीन आणि ब्रिटनमध्ये चर्चेच्या तब्बल १७ फेऱ्या झाल्या आणि फिसकटल्या. हाँगकाँगचे ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटन यांनी आपल्या निवडणूक सुधारणा रेटल्याच. पण १९९५ला निवडून आलेलं विधिमंडळ १ जुलै १९९७ला, हस्तांतरणाच्याच दिवशी, मोडीत निघालं.